एक बोली, दोन देवघरे

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्र आणि रेल्वे यांच्या मधे, निर्मळ, वाघोली, भुईगाव, गास, उमराळे, नाळा, राजोडी अशी जुनी बागायती गावे आहेत. या गावांत एक बोली चालते. कोणी तिला कादोडी म्हणते, कोणी सामवेदी. ती बोलणाऱ्या काही घरांत देव्हारा आहे आणि अंगणात तुळस. काही घरांत आल्तार आहे आणि आवारात क्रूस. सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती हे दोन समाज सुमारे साडेचारशे वर्षे वेगवेगळ्या देवांपुढे हात जोडत आले आहेत. या साऱ्या काळात सौदे त्यांनी एकाच बोलीत केले, बांधावरून भांडले ते त्याच बोलीत आणि पोरांना रागे भरले तेही त्याच बोलीत. हा संग्रह त्या बोलीचा आहे: शेतीचे शब्द, स्वयंपाकघरातले शब्द, म्हणी, लग्नातली गाणी, आणि आजी-आजोबांनी जसे सांगितले तसे उतरवून घेतलेले लांब लांब निवेदनांचे तुकडे.

मी आचोळ्यात राहतो, म्हणजे रेल्वेच्या पूर्वेला. कादोडी माझ्या घरची बोली नाही. ती मी शेजारपाजारी ऐकत आलो. संकलकांनी प्रस्तावना माझ्याकडून मागितली ती याच कारणासाठी. त्यांचे म्हणणे असे की ज्यांची ती बोली आहे त्यांना तिच्याबद्दल सांगण्याची गरज नाही. सांगायचे आहे ते स्टेशनच्या अलीकडे राहणाऱ्यांना. ते मला पटले. आचोळे रोडवर संध्याकाळी उभे राहिले तर मराठी, हिंदी, भोजपुरी, गुजराती, कोकणी अशा भाषा चालता चालता कानावर पडतात. आगरी आणि कोळी बोलीही या तालुक्याच्या जुन्याच. पण रेल्वेच्या पलीकडे काही किलोमीटरवर एक संपूर्ण बोली शेकडो वर्षे नांदते आहे, हे इथल्या नव्या वस्तीतल्या बहुतेकांच्या गावीही नसते. पश्चिमेच्या गावांतून फ्लॅट घेऊन पूर्वेला राहायला आलेली कुटुंबेही आहेत. त्यांच्या घरात आजी फोनवर माहेरी कादोडीत बोलते आणि फोन ठेवला की नातवंडांशी मराठीत, नाहीतर हिंदीत. नातवाला ती बोली कळते, बोलता येत नाही. बोली उतरणीला लागल्याची याहून स्पष्ट खूण नाही.

या प्रदेशात बोलले जाणारे शब्द दगडावर कोरण्याची परंपरा बावीसशे वर्षांहून जुनी आहे. इथले सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला आणि त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यात उजेडात आला. पुढे १९५६ मध्ये नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला तो भुईगावात, म्हणजे कादोडी बोलणाऱ्या गावातच. त्या नवव्या लेखात राजा सांगतो की आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक, विशेषतः बायका, नाना प्रकारची मंगलकार्ये करतात आणि त्यांचे फळ थोडेच असते; खरे मंगल म्हणजे सदाचार. या संग्रहातली लग्नाची गाणी वाचताना मला तो लेख पुन्हा पुन्हा आठवला. सदाचाराबद्दल राजाचे म्हणणे मान्य आहे. पण ज्या विधींचे फळ त्याला थोडे वाटले, त्याच विधींच्या गाण्यांत या बोलीचे कितीतरी शब्द सांभाळले गेले आहेत. हळद लावताना, नवरीला सजवताना, सोयऱ्यांची थट्टा करताना बायका जे गातात ते लिहून कोणी ठेवले नव्हते आणि तरी ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

आता इतिहास थोडक्यात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने तह करून वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. नंतरच्या काही दशकांत फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरूंनी या पट्ट्यात धर्मांतरे घडवली. नंदाखालचे चर्च १५७३ चे. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संतपदाला पोहोचला. बाप्तिस्मा घेतलेल्यांची आडनावे बदलली. घोन्साल्विस, लोपीस, तुस्कानो, डिमेलो, डाबरे अशी नावे रुळली आणि ती आज अस्सल वसईची वाटतात. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या मराठा फौजेपुढे वसईचा किल्ला पडला आणि दोनशे पाच वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. त्यानंतर मराठे आले, त्यांच्यामागून इंग्रज. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला आगगाडी धावू लागली. इतक्या उलथापालथीत नावे बदलली, सण बदलले, पेहराव बदलला, पंगत वेगळी झाली. बोली मात्र फुटली नाही.

हे असेच व्हायला हवे होते असे नाही, हे समजायला फार लांब जावे लागत नाही. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगिजातून घडलेली एक स्वतंत्र भाषा बोलली जाते. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अभ्यासकाने तिच्यावर १९९६ मध्ये ग्रंथ लिहिला. चौल-कोर्लईचा ताबा १७४० मध्ये मराठ्यांकडे गेला, पोर्तुगालशी नाते तुटले, तरी एका गावात ती भाषा जगली. म्हणजे एकाच सत्तेखाली, एकाच किनाऱ्यावर, दोन ठिकाणी दोन गोष्टी घडल्या: कोर्लईत राज्यकर्त्यांच्या भाषेतून नवी भाषा जन्मली, वसईत जुनीच राहिली. गोव्यात तर १६८४ साली लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा फर्मानवजा हुकूमच निघाला होता.

वसईत असे का झाले? माझे मत सांगतो. कोर्लईची वस्ती किल्ल्याच्या आणि शिबंदीच्या आश्रयाने घडली. वसईचा बाटलेला माणूस मात्र शेतकरीच राहिला. त्याची वाडी तीच, विहीर तीच, बांधापलीकडचा शेजारी तोच. देव बदलला तरी केळीला पाणी द्यायची वेळ बदलत नाही. पाणी कोणाच्या पाटाने आधी जायचे, माड कोणाच्या हद्दीत वाकला, पानवेलीचा मांडव कोणाकडून शाकारून घ्यायचा, हे रोजचे व्यवहार दोन्ही समाजांना एकमेकांशी करावे लागत होते. त्या व्यवहारांना एक बोली लागत होती आणि ती होतीच. ही बोली मोडणे धर्मगुरू आणि सुभेदार यांना जमले नाही, ते आता आमच्या पिढीच्या हातून होते आहे, कारण आता ते व्यवहारच उरलेले नाहीत.

संकलनाच्या कामातली एक गोष्ट इथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुस्तकाचा सगळा आकार तिच्यावर ठरला. सुरुवातीला संकलकांची ही तरुण मंडळी म्हाताऱ्या माणसांकडे जायची, मोबाइल पुढे धरायची आणि म्हणायची, आजी, आपल्या बोलीत काहीतरी बोला. की आजी सावरून बसायच्या, पदर नीट घ्यायच्या आणि शुद्ध मराठी बोलू लागायच्या. एकीने तर विचारले, “हे पुस्तकात घालण्यासारखं असतं का गं बाय?” पाहुण्यांपुढे, कागदापुढे, यंत्रापुढे मराठी बोलायची आणि घरात कादोडी, हा शिरस्ता त्यांच्या अंगात इतका मुरलेला होता की विनंती करूनही तो मोडत नव्हता. मग कोणाला तरी सुचले की बोलीबद्दल विचारायचेच नाही. सुकेळी कशी करतात ते विचारायचे.

सुकेळी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. राजेळी जातीचे लांब, जाड केळे पूर्ण पिकू द्यायचे, सोलायचे आणि उंच मांडवावर अख्खेच्या अख्खे उन्हात वाळत घालायचे. संध्याकाळी गोळा करून झाकायचे, सकाळी पुन्हा पसरायचे, दर वेळी बाजू पालटायची. असे बरेच दिवस चालते. मळभ आले तर माल हातचा जातो, म्हणून सारे घर आभाळाकडे डोळे लावून असते. शेवटी केळे तपकिरी, चिवट आणि मधासारखे गोड होते, आणि ते केळीच्याच वाळल्या पानात बांधले जाते. आगाशी-वाघोलीच्या बाजूला हा उद्योग पिढीजात होता. आता मोजकीच घरे तो करतात.

हा प्रश्न विचारला आणि बांध फुटला. कोणते केळे पिकले आणि कोणते नुसते मऊ पडले, सोलताना बोट कुठे लावायचे, उन्हाचा चटका किती, पहिल्या दिवशीचे केळे आणि चौथ्या दिवशीचे केळे यांना काय म्हणायचे, हे सांगताना त्याच आजी मराठी विसरल्या. हात हालू लागले, आवाज चढला. बाजूला बसलेल्या सुनेला त्यांनी मधेच दटावले, तेही ध्वनिमुद्रणात आले आहे आणि संकलकांनी ते काढून टाकलेले नाही. केळ्याच्या एकेका अवस्थेला वेगळा शब्द निघाला. कामाचा विषय आला की बोली आपोआप आली. म्हणून या पुस्तकात शब्दांची मांडणी अकारविल्हे नाही, कामांप्रमाणे आहे. केळीची लागवड, पानमळा, विहीर आणि रहाट, भात, फुलांचा धंदा, चूल, लग्न, आजारपण, मर्तिक. कोशाच्या शिस्तीला हे सोडून आहे, पण माझ्या मते हाच या संग्रहाचा सर्वांत शहाणा निर्णय आहे.

विहीर आणि रहाट यांच्या प्रकरणाजवळ वाचकाने थोडे थांबावे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारी बावखले होती. बावखल म्हणजे वाडीतला रुंद, उघडा पाणसाठा. विहिरीहून ऐसपैस, तळ्याहून लहान. त्याच्या काठी रहाट असे, रहाटाला बैल किंवा रेडा जुंपलेला, आणि गाडग्यांची माळ पाणी वर आणून पाटात ओतत असे. पाट वाड्यांतून फिरत जाई. पुढे इंजिन आले, मग विजेचा पंप. नंतर शहर वाढू लागले तसे याच विहिरींचे पाणी टँकरमध्ये भरून इमारतींना विकले जाऊ लागले. उपसा वाढला, किनाऱ्याकडचे पाणी मचूळ होऊ लागले, बावखले भरणी घालून बुजवली गेली. १९९० मध्ये इथले नियोजन सिडको या शासकीय शहरनियोजन महामंडळाकडे गेले. त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली ती पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी. त्या चळवळीच्या मोर्चांत कुपारी बायका लाल लुगडी नेसून उतरत. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा गावांना पालिकेबाहेर ठेवा म्हणून पुन्हा मोठे आंदोलन झाले. २०११ च्या जनगणनेत या पालिकेची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. आम्ही पूर्वेकडचे लोक या बारा लाखांतलेच. आमच्या नळाला पाणी नव्हते तेव्हा जो टँकर आमच्या इमारतीखाली उभा राहिला, त्यातले पाणी कोणाच्या तरी वाडीतले होते. हे मी अपराधी भावनेने लिहीत नाही. घर घेणाऱ्याला पाणी लागतेच. पण रहाटाच्या भागांची पंधरावीस नावे या पुस्तकात आहेत आणि त्यांतली बहुतेक सांगणारी माणसे सत्तरीच्या पुढची आहेत, याचे कारण त्या टँकरच्या वाटेवरच शोधावे लागते.

जगात लहान भाषा कशा संपतात याचे दाखले अभ्यासक देतात, त्यांतले दोन मला या कामासाठी उपयोगी वाटले. दोन्ही नाहुआ कुळातले आहेत, म्हणजे मेक्सिकोच्या अॅझ्टेक लोकांच्या भाषेच्या भावंडांचे. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात पोचुत्ला नावाचे गाव आहे. तिथे १९१२ साली मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस पोहोचला तेव्हा गावची जुनी बोली आठवणारी मोजकी वृद्ध माणसे उरली होती. त्याने त्यांच्याकडून शब्द उतरवून घेतले आणि १९१७ मध्ये छापले. आज पोचुतेक भाषेबद्दल जगाला जे ठाऊक आहे ते मुख्यतः त्या टिपणांतून. म्हणजे शब्द वाचले, पण ते बोलायला कोणी राहिले नाही.

दुसरा दाखला एल साल्वादोरचा. तिथल्या पिपिल लोकांची नावत ही भाषा पश्चिमेच्या कॉफीच्या प्रदेशात बोलली जाई. १९३२ च्या जानेवारीत तिथल्या शेतकऱ्यांनी उठाव केला आणि लष्कराने काही आठवड्यांत हजारो माणसे मारली. बहुतेक अंदाज दहा हजारांच्या पुढचे आहेत. त्यानंतर मूळनिवासी दिसणे आणि तसे बोलणे हेच जिवावर बेतणारे झाले. आयांनी मुलांशी नावत बोलणे बंद केले. आज ती बोलणारे फार तर काही शे लोक असतील, बरेचसे सांतो दोमिंगो दे गुस्मान या गावातले, आणि बहुतेक वृद्ध. त्याच गावात २०१० मध्ये एक बालवाडी सुरू झाली. तिथे ती भाषा येणाऱ्या बायका तीन ते पाच वर्षांच्या मुलांशी दिवसभर नावतमध्ये बोलतात. ना पाठ्यपुस्तक, ना परीक्षा. जेवताना, खेळताना, हात धुताना बोलणे.

आपल्याकडे कोणी बंदूक रोखली नाही. कादोडीला गप्प केले ते ‘नीट बोल’ या दोन शब्दांनी. शाळेत पहिल्या दिवशी मूल घरचा शब्द बोलले की वर्ग हसायचा. हा अनुभव या संग्रहातल्या जवळजवळ प्रत्येक निवेदकाने सांगितला आहे. कोणी कडवटपणे सांगितला नाही, पण विसरलाही नाही. त्यांतल्या अनेकांनी मुलांना तो त्रास नको म्हणून घरातच मराठी सुरू केली आणि त्या मुलांनी पुढे आपल्या मुलांसाठी इंग्रजी शाळा निवडली.

मराठीशी या बोलीचे नाते मात्र वैराचे नाही, हे ठासून सांगायला हवे. वसईच्या ख्रिस्ती समाजाने मराठीला जे दिले ते मोठे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली तेव्हा इथल्या देवळांत उपासना मराठीत होऊ लागली. ‘सुवार्ता’ मासिकाचे दिब्रिटोंनी अनेक वर्षे संपादन केले, त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सिसिलिया कार्व्हालो यांची कविता मराठी वाचक ओळखतात. या सर्वांनी लिहिले ते प्रमाण मराठीत आणि सुंदर लिहिले. अलीकडे ‘कादोडी’ नावाचा दिवाळी अंकच या बोलीत निघू लागला, ही त्याच परंपरेची पुढची पायरी मी मानतो. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात ठाणे जिल्ह्याच्या बोलींमध्ये सामवेदीची नोंद आहे. जागतिक भाषासूचीत तिला स्वतंत्र संकेतही मिळालेला आहे. मग ही मराठीची बोली की वेगळी भाषा? या वादात मला रस नाही. जनगणनेचा कागद समोर आला की ही माणसे मातृभाषेपुढे मराठी लिहितात आणि मनापासून लिहितात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत तीही होती. त्यांना मराठी नको आहे असे कोणी समजू नये. त्यांना मराठीबरोबर आपले घरचे बोलणेही हवे आहे, आणि अभिजात झालेल्या भाषेला ते जड होऊ नये.

संग्रहाच्या उणिवाही सांगायला हव्यात. निवेदकांत बायका जास्त, पुरुष कमी आहेत. कुपारी घरांतल्या नोंदी जितक्या आल्या तितक्या सामवेदी ब्राह्मण घरांतून आल्या नाहीत, आणि दोन्हीकडच्या उच्चारांत जो थोडा फरक आहे तो त्यामुळे पुरता दिसत नाही. गावागणिक बदलणारे शब्दही सगळे पकडता आलेले नाहीत. पहाटेच्या गाडीने फुले आणि भाजी घेऊन मुंबईला जाणाऱ्या विक्रेत्यांचे, पापडीच्या आठवडे बाजारातल्या भावतोलाचे बोलणे इथे फारच थोडे आहे. ते खरे तर सर्वांत जिवंत बोलणे आहे. तिथे बोलीला अजून काम आहे, तिथे ती लाजत नाही. दुसरा भाग निघाला तर त्याची सुरुवात बाजारातून व्हावी, असे मी संकलकांना सांगितले आहे.

लेखनाबद्दल शेवटचे. या बोलीत असे स्वर आहेत की नेहमीच्या देवनागरीत ते नेमके बसत नाहीत, आणि आजवर ज्याने त्याने आपल्या कानाप्रमाणे लिहिले. संकलकांनी एक सोपी पद्धत ठरवून ती सर्वत्र पाळली आहे. तिचा खुलासा पहिल्या प्रकरणाआधी दिला आहे. तरी ज्यांना ही बोली येते त्यांनी डोळ्यांनी वाचू नये, मोठ्याने वाचावे, आणि जिथे खटकेल तिथे समासात आपला उच्चार लिहावा. प्रत्येक उजव्या पानाचा समास त्यासाठीच रुंद सोडला आहे. भरलेली पाने संकलकांकडे परत यावीत, दुसऱ्या आवृत्तीत ती दुरुस्त्यांसह छापली जातील.

आचोळे, नालासोपारा पूर्व